टेबल नंबर एक

"आईचा अख्खा आठवडा लाल आहे," दादा फोनवर म्हणाला. "मी त्या वृद्धाश्रमात बोलून ठेवलंय. खोली मिळतेय. रविवारपर्यंत तू हो म्हण, म्हणजे पुढचं मी बघतो." दादा दुसऱ्या शहरात राहतो आणि 'पुढचं मी बघतो' हे त्याचं जन्माचं पालुपद आहे, मागचं कोण बघतं हे विचारायची पाळी त्याच्यावर कधी येत नाही. मी तेव्हा एका हॉटेलच्या रिकाम्या दालनात उभी होते. दुपारची जेवणं उरकली होती, संध्याकाळची सुरू व्हायची होती. अर्ध्या खुर्च्या टेबलांवर पालथ्या चढवलेल्या, ओल्या फरशीला औषधाचा वास, आणि मालक माझ्या लॅपटॉपपुढे हाताची घडी घालून बसलेले. "लाल म्हणजे?" मी विचारलं. हा प्रश्न मी विचारावा यासारखी थट्टा नाही, कारण तो लाल रंग मीच भरलेला होता. "अगं, लाल म्हणजे लाल," दादा म्हणाला, "रोज सकाळी येतं ना तुझं ते. एक दिवस हिरवा नाही. तुझ्याच्याने होत नाहीये हे, आणि त्यात तुझी चूक आहे असं मी म्हणतच नाहीये." मी म्हटलं, कामात आहे, नंतर बोलते. फोन पालथा करून टेबलावर ठेवला, मग सुलटा केला, मग पुन्हा पालथा. "घरी सगळं ठीक ना, मॅडम?" मालकांनी विचारलं. मी म्हटलं, हो हो, एकदम.

मी रिपोर्ट बांधते. हॉटेल चालवायचं एक सॉफ्टवेअर असतं. वेटर ऑर्डर टाकतो, ती स्वयंपाकघरातल्या पडद्यावर उमटते, ताट गेलं की नोंद होते, बिल झालं की नोंद होते, आणि या सगळ्याची जी रास साचते तिच्यातून मालकाला रोज काय बघायचंय ते मी रंगीत चौकोनांत मांडून देते. त्याला डॅशबोर्ड म्हणतात. तयार रिपोर्ट ढिगाने असतात, पण प्रत्येक मालकाला आपलं दुखणं जगावेगळं वाटतं, म्हणून माझं पोट चालतं. एकाला कोणता पदार्थ ताटात उरून परत येतो ते हवं असतं, दुसऱ्याला कोणता वेटर गोड बोलून शेवटी आइस्क्रीम खपवतो ते. या मालकांना टेबलं हवी होती. कोणतं टेबल किती वेळ अडून राहतं ते. "आकडे मला नकोत," ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "आकडे बघितले की मला झोप येते. रंग दाखवा." आता त्यांनी पडद्यावरच्या एका चौकोनावर बोट टेकवलं. "हे कोपऱ्यातलं बघा. दोघं म्हातारे येतात, नवराबायको. एक सूप दोघांत घेतात आणि उठायचं नाव नाही. बाहेर लोक उभे. यांना लाल करा." मी म्हटलं, मर्यादा ओलांडली की ते आपोआपच लाल होईल. आणि मग, काम नसताना, विचारलं, "लाल झाल्यावर काय करणार?" "काय करणार? वेटरला सांगणार, बिल नेऊन ठेव. न मागता बिल समोर आलं की माणूस समजतो." ते हसले. माणूस वाईट नव्हता. बाहेर खरोखरच लोक उभे राहत असतील. मी मर्यादा टाकली, कोपऱ्यातलं टेबल लाल झालं, आणि मालक "व्वा" म्हणाले. माझ्या डोळ्यांपुढे मात्र एक खोली आली, पांढऱ्या चादरीची, खिडकी नसलेली, जी मी पाहिलेलीही नव्हती.

रस्त्यावर आल्यावर मी बसची वाट बघत उभी राहिले, मग वाट न बघता चालत सुटले. लहानपणी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. अजून आहे. मला थांबता येत नाही, रांगेत उभं राहता येत नाही, दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत धीर धरवत नाही. म्हणूनच बहुधा मला रंगाच्या भाषेत बोलणारी माणसं परवडतात. चालता चालता मी स्वतःशी भांडत होते, आणि त्या भांडणात दादाची बाजूही मीच मांडत होते, कारण तो तिथे नव्हता. हे सगळं मीच ओढवून घेतलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आईला झटका येऊन तिचा उजवा हात लुळा पडला, ती माझ्याकडे राहायला आली, त्याला आता वर्ष होत आलं. सुरुवातीला दादाचा रोज फोन. आई कशी आहे? जेवली का? किती जेवली? झोपली का? औषध? मी ऑफिसात असले तरी, अंघोळीला असले तरी. दुरून डोंगर साजरे, तशी त्याला दुरून आई साजरी. तिचा चमचा हातातून निसटून सूप मांडीवर सांडतं तेव्हा टॉवेल आणायला धावावं लागत नाही. एका रविवारी मी वैतागून लॅपटॉप उघडला. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक नमुन्याचं हॉटेल असतं, गिऱ्हाइकांना दाखवायला. त्यात खोटी टेबलं, खोटे पदार्थ, खोटी बिलं. मी ती सगळी पुसून टाकली आणि तिथे आईला बसवलं.

टेबल नंबर एक म्हणजे खिडकीजवळची तिची खुर्ची. दुसरं टेबलच नाही. मेन्यूत सूप, मऊ भात, उकडलेली भाजी, फळ, गोळ्या सकाळच्या, गोळ्या रात्रीच्या. फिरणं हा एक पदार्थ, पॅसेजमध्ये जाऊन यायचं; अंघोळ हा आणखी एक. झोप नोंदायला सॉफ्टवेअरमध्ये जागा नव्हती, म्हणून तीही मेन्यूत घातली, हाफ आणि फुल. ताट समोर ठेवलं की 'वाढलं' दाबायचं, काढून घेतलं की 'उचललं'. उरलं ते 'परत'. दिवसभर आईजवळ ज्या मावशी असतात त्यांना एक जुना टॅब दिला आणि शिकवलं. माझ्याकडे फोन होताच. रोज सकाळी दादाला त्याचा चहा होतोय तोवर रंगीत चौकोन जाऊन पडायचे. तो खूश झाला. वहिनीनेही फोन करून सांगितलं, किती छान कल्पना गं, जवळ असल्यासारखंच वाटतं. त्या दिवसापासून त्याचे फोन कमी झाले, आणि मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचा रागही आला. रंगांच्या मर्यादा मी बदलल्या नव्हत्या. त्या नमुन्याच्या हॉटेलात होत्या तशाच राहिल्या, म्हणजे घाईघाईने दोन घास खाऊन ऑफिसला पळणाऱ्या माणसांच्या. पस्तीस मिनिटांच्या वर टेबल गेलं की लाल. दिवसातलं एक जेवण लाल झालं की दिवस लाल. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, असं मी दादाला सांगू शकले असते. पण मी रोज हेच काम करते. मर्यादा हे माझ्या धंद्यातलं मीठ आहे, ते घालायला मी विसरेन? खरं सांगायचं तर मला त्याला लाल दाखवायचंच होतं. त्याने सकाळी चहा पिताना लाल बघावं आणि त्याच्या घशात एक घोट अडकावा, एवढीच माझी इच्छा होती. बघ, मी काय निभावतेय ते बघ. घोट काही अडकला नाही. त्याने लाल बघितलं आणि एखाद्या मालकाने करावं तेच केलं. त्याने खोली शोधली.

बागेच्या कठड्याला टेकून मी फोन उघडला आणि नमुन्याच्या हॉटेलात शिरले. मर्यादा बदलणं ही एका बोटाची गोष्ट आहे. सगळे मालक शेवटी तेच करायला सांगतात; पहिला महिना त्यांना सत्य हवं असतं, दुसऱ्या महिन्यात म्हणतात, मॅडम, जरा सैल करा ना, रोज सकाळी लाल बघून जीव घाबरतो. मी पस्तीसच्या जागी नव्वद घातले. आठवडा हिरवा झाला. मागचा आठवडाही, त्याच्या मागचाही. सगळं वर्ष हिरवंगार झालं, ज्या संध्याकाळी मी आईवर ओरडून बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले होते तीही. दादाला आता कळवायचं, की मर्यादा चुकीची होती, बघ, आई उत्तम आहे. किती सोपं. अंगठा बटणावर होता. आणि मी दाबलं नाही. का दाबलं नाही याचं उत्तर मला त्या कठड्याशीच मिळालं आणि ते मला आवडलं नाही. रविवारनंतरचं माझं घर मला दिसलं होतं. खिडकीजवळची खुर्ची रिकामी, औषधांचा डबा नाही, मी कधीही यावं, कधीही जावं, दरवाजा जोरात आपटावा. क्षणभर छातीत मोकळा वारा शिरला. स्वतःच्या आईच्या जाण्याने मोकळं वाटणारी बाई कशी दिसते ते बघायला मी फोनच्या काळ्या पडद्यात पाहिलं. काही वेगळी दिसत नव्हती. मी पुन्हा पस्तीस घातले, सगळं पुन्हा लाल झालं, आणि मी चालू लागले.

घरी पोचले तेव्हा मावशी चपला घालत होत्या. आई खुर्चीत डुलक्या काढत होती, हाफ. "आज पण छान जेवल्या," मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "पटकन." मी विचारलं, "पटकन म्हणजे?" "पटकन म्हणजे पटकन. रोजच जेवतात. मला तर बसायला पण मिळत नाही, ताट ठेवून ओटा पुसून येईपर्यंत यांचं झालेलं असतं." मला वाटलं, मावशी सांभाळून घेतायत. किंवा टॅबवर 'उचललं' आधीच दाबून मोकळ्या होतायत. हॉटेलांत हे सर्रास चालतं. "खरंच?" मी विचारलं, आणि माझ्या आवाजातला संशय त्यांना कळला. त्यांनी एका चपलेतला पाय काढला. "ताई, त्या माझ्याशी भांडतात, हट्ट करतात, पण जेवायला वेळ नाही लावत. खोटं कशाला सांगू?" त्या गेल्या. मी अंगावरचे कपडे न बदलता लॅपटॉप उघडून बसले. आकडे विभागायची एक पद्धत आहे जी मी प्रत्येक मालकाला पहिल्याच बैठकीत सुचवते आणि स्वतःच्या घरी कधी वापरली नव्हती: दर वेटरचं वेगळं करा. नमुन्याच्या हॉटेलात दोनच वेटर होते. मी वेगळं केलं. दोन पट्ट्या आल्या. मावशींची बुटकी, हिरवी. माझी पडद्याच्या कडेपर्यंत गेलेली, लाल. सगळ्या वर्षाचा लाल माझ्या एकटीच्या पट्टीत होता. आई सगळ्यांसमोर सावकाश जेवत नव्हती, फक्त माझ्यासमोर जेवत होती. ज्या जेवणाला मी समोर बसते, म्हणजे रोजचं संध्याकाळचं आणि सुट्टीच्या दिवशीची सगळी, तेवढीच तास तास, सव्वा तास चाललेली.

मला आधी आला तो राग. मग मत्सर, मावशींचा. पन्नाशीच्या आसपासची ती बाई, तिला पगार मिळतो तोही दादा अर्धा पाठवतो, आणि माझी आई तिच्यापुढे शहाण्या मुलासारखी ताट रिकामं करते. माझ्यासमोर चमचा घेऊन बसून राहते, भाताचा एक घास तोंडात तीनदा फिरवते, खिडकीबाहेर बघते, मध्येच विचारते, समोरच्या घरात नवीन माणसं आली का गं. मी म्हणते, आई, गार होतंय. मी फोनवर मेल वाचत असते, कोणाच्या तरी टेबलांच्या मर्यादा ठरवत असते, आणि माझा पाय टेबलाखाली हलत असतो. हे ती मुद्दाम करते? मला शिक्षा? कशाची? मी या खोलीतून त्या खोलीत गेले, पाणी ओतलं, न पिता ग्लास ठेवला, उशीचा अभ्रा बदलला. आई माझ्या आठवणीत कधी बसून जेवलेलीच नाही. ती टेलिफोनच्या कचेरीत ऑपरेटर होती, लांबच्या गावांचे फोन जोडून द्यायची; कधी पहाटेची पाळी, कधी दुपारची. घरी आली की आम्हाला वाढायची, आणि आम्ही उठलो की ओट्यापाशी उभ्याउभ्या चार घास पोटात ढकलून पुन्हा कामाला. दादा जेवायला बसला की बसायचा. मी मध्येच उठायचे, पाणी आणायला, खिडकीत कोण ओरडतंय ते बघायला. आई मला खांद्याला धरून खाली बसवायची. तिच्या बोटांना तेव्हा त्या कचेरीतल्या यंत्राचा, गरम रबरासारखा एक वास यायचा. आता ती बोटं चमच्याभोवती नीट वळतही नाहीत, ती डाव्या हाताने जेवते, आणि मावशींसमोर डाव्या हातानेच ओटा पुसून होईपर्यंत जेवते.

संध्याकाळी मी सूप आणि भात तिच्यासमोर ठेवला, फोनवर 'वाढलं' दाबलं आणि बसले. आईने पहिला चमचा उचलला, फुंकर घातली, खाली ठेवला.

"दुपारी पटकन जेवतेस म्हणे," मी म्हटलं.

"कोण म्हणालं?"

"मावशी. आणि मला दिसतंय पण."

"तुला कसं दिसतंय? तू तर नसतेस."

मग मी सांगितलं. सांगताना ते हॉटेलातल्या बैठकीपेक्षाही जास्त गंभीर वाटायला लागलं, म्हणून मी मध्ये हसले. ती हसली नाही. ती टेबल नंबर एक आहे, ताट ठेवलं की वेळ सुरू होतो, उचललं की थांबतो, झोप हाफ आणि फुल. जास्त वेळ गेला की लाल.

"म्हणजे मी लाल आहे," आई म्हणाली.

"तू नाही गं. टेबल."

"टेबलावर मीच असते ना?" तिने डाव्या हाताने मांडीवरचा नॅपकिन सरळ केला. "त्याला पण जातं हे? दादाला?"

"रोज सकाळी."

"काय काय जातं?"

मी जेवणाखाणाचं सांगितलं. बाकीचं सांगितलं नाही, पण तिला समजलं असावं, कारण तिची मान खाली गेली आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या, खऱ्या लाल. आयुष्यभर जिने दुसऱ्यांचे फोन जोडून दिले आणि एक अक्षर ऐकलं नाही असं जी अभिमानाने सांगायची, तिची अंघोळ रोज दुसऱ्या शहरात उघडली जात होती. मला वाटलं, आता ती रडेल किंवा ताट ढकलेल. दोन्ही परवडलं असतं.

"हॉटेलात लाल झालं की काय करतात?" तिने विचारलं.

"काही नाही."

"सांग ना."

"बिल नेऊन ठेवतात. न मागता."

आईने हे नीट ऐकून घेतलं. "म्हणून तो खोलीचं बघतोय," ती म्हणाली. मी दचकले. "मला ऐकू येतं. हात गेलाय माझा, कान नाही. मावशींना विचारत होता फोनवर, आईला नवीन जागी करमेल का म्हणून." खिडकीबाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि ती गाडी टूक टूक करत होती; आम्ही दोघी ते संपेपर्यंत थांबलो. मग तिने एकदम व्यवहाराच्या आवाजात विचारलं, "किती वेळात संपवायचं असतं?"

"पस्तीस मिनिटं."

"आमच्याकडे तीन असायची. तीन मिनिटं झाली की आम्ही मध्ये बोलायचो." ती थोडी हसली. "पण आम्ही विचारायचो गं. तीन मिनिटं झाली, वाढवायची का? कोणी म्हणायचं वाढवा, कोणी म्हणायचं नको, झालं बोलून. तोडायच्या आधी विचारायचो."

कोंडीत सापडले की मी जे करते तेच केलं, भांडले. "मग मावशींसमोर कसं जमतं तुला? त्यांच्यासमोर वीस मिनिटांत, आणि मी समोर बसले की तास? मी काय केलंय? त्यांची कामं असतात, माझी नसतात?"

"तुला असतात," आई म्हणाली. तिने चमचा उचलला आणि सूपमध्ये बघत राहिली. "लवकर संपवलं की तू उठतेस."

इतकंच म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. पाऊण वर्षापूर्वी कधीतरी तिने हे ताडलं असणार आणि मग त्याप्रमाणे जेवत आली असणार. एक घास तीनदा फिरवत. मी फोन खाली ठेवला. मला तिच्याजवळ जाऊन तिच्या खांद्याला हात लावायचा होता, पण मी ज्या घरात वाढले तिथे असं कोणी करत नाही, सगळे ताटात बघतात. मी म्हटलं, "सूप गरम करून आणू?" ती म्हणाली, "नको. बरं आहे." त्या रात्री अंथरुणावर मला सारखं वाटत होतं की मी कोणाचं तरी बोलणं मध्येच तोडलंय आणि पलीकडचा माणूस अजून हॅलो, हॅलो करतोय.

दुसऱ्या दिवशी आईने माझ्यासमोर हिरवं जेवण केलं. मी ताट ठेवलं, तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघितलं आणि सुरुवात केली. घासावर घास, खिडकीबाहेर एकदाही न बघता, मान खाली. मध्ये तिला ठसका लागला, मी उठले, तिने हातानेच बस म्हणून सांगितलं, पाणी प्यायली आणि पुन्हा सुरू. "आई, सावकाश," मी म्हटलं. गेल्या वर्षात हा शब्द मी तिला पहिल्यांदा बोलले असेन. तिने ताट पुढे सरकवलं, तोंड पुसलं, आणि म्हणाली, "झालं. ऊठ तू, तुझं काम असेल." मी 'उचललं' दाबलं. सवयीने दाबलं. आणि मी उठलेही, कारण काम खरंच होतं, त्या मालकांना सोमवारच्या आत रंग हवे होते. खोलीत जाऊन लॅपटॉपपुढे बसले, आणि भिंतीपलीकडून काहीच आवाज येत नव्हता.

रविवारी सकाळी दादाचा फोन आला. त्याला खरोखर आनंद झाला होता; त्याच्या आनंदाला मी नावं ठेवणार नाही. "अगं, कालचं बघितलंस? हिरवं! शेवटचं हिरवं कधी होतं आठवत पण नाही. काय केलंस तू?" मी म्हटलं, काही नाही. "म्हणजे जमतंय तिला. मग खोलीचं तूर्त राहू दे, मी सांगतो त्यांना. असंच ठेव फक्त." असंच ठेव. आई राहणार होती. जे मला हवं होतं, आणि नको होतं, ते आईने एका ठसक्यात मिळवून दिलं होतं. मी दादाला म्हटलं, "दादा, हे उद्यापासून बंद करतेय मी." "का? आता तर कुठे..." "तुला आई कशी आहे विचारायचं असेल तर तिला फोन कर. ती चांगली बोलते. वेळ लावते, पण बोलते." तो म्हणाला, "रागावलीस का?" मी म्हटलं, नाही. रागावले होते, पण त्याच्यावर थोडीच. फोन ठेवल्यावर धाडस केल्यासारखं वगैरे काही वाटलं नाही. पुढची किती वर्षं, किती संध्याकाळी, हे मोजायला मी सुरुवात केली आणि थांबवली. लॅपटॉप उघडून नमुन्याच्या हॉटेलातून टेबल नंबर एक काढून टाकलं. सॉफ्टवेअरने विचारलं, नक्की? मी हो म्हटलं, आणि तिथे पुन्हा जुनी खोटी टेबलं येऊन बसली, खोटं सूप, खोटी घाई.

आईला हे मी सांगितलं, पण तिने फक्त "बरं" म्हटलं. रंग गेले तरी खोली टळली असं तिला वाटत नसावं. संध्याकाळी ती पुन्हा तशीच जेवली. घड्याळाकडे नजर, मान खाली, घासावर घास. मी समोर बसले होते, हातात फोन नव्हता, त्यामुळे हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं. तिला विचारायला एक प्रश्न मनात जुळवत होते, तेवढ्यात तिचं झालं. "झालं," ती म्हणाली. "ऊठ." आणि तिने ताट माझ्याकडे सरकवलं, रिकामं, लख्ख, मावशींनी कौतुक करावं असं.

मी ताट घेऊन स्वयंपाकघरात गेले. ते बेसिनमध्ये ठेवलं. कामाचे फोन यायचे होते, टेबलावर लॅपटॉप उघडा होता, आणि माझे पाय आपसूक तिकडे वळलेही. मग मी दुसरं ताट घेतलं, त्यात भात वाढला, सूप वाढलं, आणि बाहेर येऊन तिच्या समोर बसले.

"आता कशाला बसलीस? माझं झालं ना."

"माझं व्हायचंय," मी म्हटलं.

आईने खुर्ची जरा माझ्याकडे वळवून घेतली. मी जेवायला लागले. सावकाश जेवायचं म्हणून बसले होते, पण जन्माची सवय, चार घासांत भात संपला, सूप एका दमात गेलं, मला कळलंच नाही. चमचा ताटात वाजला तेव्हा मी वर बघितलं. आई माझ्याकडे बघत होती.

"एवढ्यात झालं?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. पोट भरलं होतं. मी उठले, स्वयंपाकघरात गेले, आणखी भात वाढून घेतला आणि परत तिच्यासमोर येऊन बसले.